तुकडी नसलेल्या विद्यापीठातली तुकडी: पहिल्या वर्षी ‘फिग’ घ्यावा का?

प्रश्न: माझ्या मुलीला अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातील एका मोठ्या राज्य विद्यापीठात जीवशास्त्रासाठी प्रवेश मिळाला आहे. जूनमध्ये तिचे ऑनलाइन ओरिएंटेशन आहे. त्याआधी आलेल्या ईमेलमध्ये ‘फिग’ घ्यायचा असल्यास विचार करून ठेवावा, असे लिहिले आहे. वीस जणांचा गट आणि दोन-तीन विषय एकत्र, एवढेच आम्हांला समजले. घेतला तर तिची मोकळीक जाईल का, न घेतला तर नुकसान होईल का, आणि गटात एकही भारतीय नसेल तर ती एकटी पडेल का? शिवाय तिथल्या सल्लागाराशी मी स्वतः फोनवर बोलू शकतो का? (एक पालक, नाशिक)

उत्तर:

मी गेली अठरा वर्षे अमेरिकेतील एका राज्य विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा शैक्षणिक सल्लागार म्हणून काम करतो आणि त्यांतली सहा वर्षे अशा गटांची आखणी करणाऱ्या समितीवर होतो. आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो. फिगमधले विषय तिला एरवीही घ्यावेच लागणार असतील, तर तिने तो अवश्य घ्यावा. त्यांतला एखादा मोठा विषय केवळ गटाच्या देखण्या नावापायी गळ्यात पडत असेल, तर त्या गटाचा मोह सोडावा. हे इतके साधे असूनही दरवर्षी चुकते, कारण गटांच्या यादीत नावे मोठ्या अक्षरांत असतात आणि विषयांचे क्रमांक खाली बारीक अक्षरांत.

ही योजना मुळात का लागते, हे महाराष्ट्रात शिकलेल्या माणसाला पटकन उमजत नाही, याचे कारण आपल्याकडे तिची उणीव कधी भासलेलीच नसते. आपल्याकडे विद्यार्थी कॉलेजात पाऊल ठेवतो तोच एका तुकडीत. डिव्हिजन ठरलेली, रोल नंबर ठरलेला, प्रॅक्टिकलची बॅच रोल नंबरावरून पाडलेली, आणि रोल नंबर बहुधा आडनावावरून. त्यामुळे पाटील, पाठक आणि पवार यांची गाठ पडते ती बाकावर, आणि पुढे तीच मंडळी एकमेकांच्या लग्नात पंगतीला वाढताना दिसतात. त्या मैत्रीसाठी कोणी योजना आखलेली नसते. तेच साठ-सत्तर चेहरे वर्षभर सगळ्या तासांना समोर असतात, एवढेच तिचे भांडवल.

अमेरिकन विद्यापीठात तुकडी नसते. विद्यार्थी विषय निवडतो, विषयाची वेळ निवडतो, आणि त्यातून जे वेळापत्रक तयार होते ते जवळजवळ त्याच्या एकट्याचे असते. सकाळी नऊला रसायनशास्त्राच्या व्याख्यानाला तीनशे जण, अकराला गणिताला वेगळेच दीडशे, दुपारी इंग्रजी लेखनाच्या वर्गात आणखी वेगळे वीस. तीनशेंच्या सभागृहात जागा ठरलेली नसते आणि व्याख्यान संपल्यावर दहा मिनिटांत दुसऱ्या इमारतीत पोहोचायचे असते. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या मध्यावर कोल्हापूर जिल्ह्यातला एक मुलगा माझ्यासमोर येऊन बसला. रसायनशास्त्राच्या पहिल्या परीक्षेत शंभरापैकी एकेचाळीस गुण होते. मी विचारले की वर्गात कोणाबरोबर अभ्यास करतोस, तर तो म्हणाला, “सर, माझ्या शेजारी रोज वेगळा मुलगा बसतो.” सहा आठवड्यांत त्या वर्गातल्या एकाचेही नाव त्याला ठाऊक नव्हते. तो हुशार होता आणि बुजराही नव्हता. वसतिगृहात त्याचे मित्र होते, पण त्यांतला एकही रसायनशास्त्राला नव्हता, आणि रसायनशास्त्राला जे तीनशे जण होते त्यांतला एकही रात्री नऊ वाजता त्याच्या मजल्यावर नव्हता.

फिग या रोगावरचा उपाय आहे. हे नाव ‘फर्स्ट-इयर इंटरेस्ट ग्रुप’ या तीन शब्दांच्या आद्याक्षरांचे; पूर्वी ‘फर्स्ट-इयर’च्या जागी ‘फ्रेशमन’ म्हणत. साधारण वीस-पंचवीस नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या सत्रात दोन किंवा तीन विषयांत एकत्र नोंदवले जाते. त्यांतले एक-दोन मोठे, नेहमीचे विषय असतात, जिथे हे वीस जण तीनशेंमध्ये मिसळलेले असतात. आणि एक छोटा वर्ग असा असतो की जिथे फक्त हेच वीस जण असतात. हा छोटा वर्ग म्हणजे या योजनेची बिजागरी. बाकीचे विषय त्याच्याभोवती फिरतात, आणि ती बिजागरी ढिली असेल तर दार नुसतेच लटकते.

सर्व विद्यापीठांत ही बिजागरी एकाच धातूची नसते, आणि निवड करताना नेमके हेच पाहायला हवे. युनिव्हर्सिटी ऑफ विस्कॉन्सिन–मॅडिसन येथे ही योजना २००१ पासून आहे. तिथला छोटा वर्ग म्हणजे प्राध्यापकाने घेतलेले, चर्चेवर चालणारे, पूर्ण क्रेडिटचे (क्रेडिट म्हणजे विषयाचे वजन मोजण्याचे एकक) सेमिनार असते आणि जोडलेले विषय त्या सेमिनारच्या सूत्राला धरून निवडलेले असतात. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये, म्हणजे सिएटलला, ती १९८७ पासून चालू आहे. तिथे छोटा वर्ग वरच्या वर्षातला विद्यार्थी चालवतो आणि त्यात विद्यापीठात वावरायचे कसे यावर भर असतो. मिझुरी विद्यापीठात ही मुले वसतिगृहात एकत्र राहतातही. तिन्ही ठिकाणी नाव फिगच आहे. पण पहिल्या प्रकारात विद्यार्थ्याला सप्टेंबरमध्येच एक प्राध्यापक नावाने ओळखू लागतो, दुसऱ्यात एक ताई किंवा दादा मिळतो, आणि तिसऱ्यात दाराला दार लागून शेजार मिळतो. जीवशास्त्राच्या विद्यार्थिनीला पुढे प्रयोगशाळेत काम हवे असते, शिफारसपत्र हवे असते. म्हणून माझा कल पहिल्या प्रकाराकडे आहे. ताई-दादा कँटीनमध्येही भेटतात.

ही कल्पना किती जुनी, हेही थोडे सांगतो, कारण त्यातून तिची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतात. अलेक्झांडर माइकलजॉन या तत्त्वज्ञ शिक्षकाने १९२७ साली मॅडिसनमध्येच ‘एक्सपेरिमेंटल कॉलेज’ काढले. विद्यार्थी आणि शिक्षकांची कार्यालये मेंडोटा तलावाकाठच्या एकाच वसतिगृहात होती. पहिले वर्षभर सर्वांनी मिळून प्राचीन अथेन्स अभ्यासायचे आणि दुसऱ्या वर्षी आधुनिक अमेरिका. वेगवेगळे विषय नाहीत, तासांची घंटा नाही. पाच वर्षांत, १९३२ साली, ते बंद पडले. माइकलजॉनचे विद्यार्थी जोसेफ टसमन यांनी १९६५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलेला, पुन्हा तसाच प्रयत्न केला, आणि तो १९६९ पर्यंतच टिकला. सगळे शिक्षण एकसंध करायचे म्हटले की प्राध्यापकांना आपापल्या विभागातून बाहेर यावे लागते, आणि विद्यापीठात याहून अवघड दुसरे काही नसते. शेवटी १९८२ साली ऑरेगन विद्यापीठाने काढलेली तोड अगदीच साधी होती. विषय आहेत तसेच ठेवायचे, प्राध्यापकांना फारसा त्रास द्यायचा नाही, फक्त नोंदणीच्या वेळी काही जागा बाजूला ठेवून त्यांवर एकाच गटाला बसवायचे. स्वस्त, सुटसुटीत, म्हणून ती पसरली. आजचा फिग म्हणजे माइकलजॉनच्या स्वप्नाची ही काटकसरी आवृत्ती आहे. काटकसर कुठे केली आहे, ते मात्र घेणाऱ्याने तपासून घ्यावे.

फायदा खरोखर होतो का, या प्रश्नावर दोन प्रकारचे पुरावे आहेत आणि ते एकमेकांत मिसळू नयेत. सिरॅक्यूज विद्यापीठाचे विन्सेंट टिंटो यांनी नव्वदच्या दशकात सिएटलच्या विद्यापीठातल्या फिगचा आणि दोन कम्युनिटी कॉलेजांतल्या, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयांतल्या, तशाच गटांचा अभ्यास केला. त्यांना आढळले ते असे की या मुलांच्या बाबतीत मैत्री आणि अभ्यास ही दोन वेगळी खाती उरत नाहीत. जेवताना चाललेल्या गप्पा वर्गातल्या विषयावर घसरतात आणि वर्गात बोलायला धीर येतो, कारण समोर ओळखीचे चेहरे असतात. माझ्या रोजच्या अनुभवाशी हे जुळते. पण फिग घेणारी मुले मुळातच जास्त उत्साही असू शकतात, हा आक्षेपही खरा आहे. तो दूर करायचा तर कोणाला गट मिळावा हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे लागते. तसे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या किंग्जबरो कम्युनिटी कॉलेजात २००३ ते २००५ दरम्यान केले गेले, सुमारे १,५०० विद्यार्थ्यांवर. ज्यांच्या नशिबी गट आला, ते पहिल्या सत्रात जास्त विषय उत्तीर्ण झाले आणि इंग्रजीच्या पात्रता परीक्षा लवकर पार करू शकले. मात्र पुढच्या सत्राला कॉलेजात टिकून राहण्यावर लगेच काही ठळक फरक दिसला नाही. नंतर इतर कम्युनिटी कॉलेजांत, गणित-इंग्रजीत मागे असलेल्यांसाठी केलेल्या अशाच चाचण्यांत लाभ आणखी किरकोळ निघाला: जोडलेल्या विषयात सरासरी अर्ध्या क्रेडिटच्या आसपास.

यावरून मी असा निष्कर्ष काढतो की फिग पहिले सत्र सावरतो. तो चार वर्षांची हमी नाही. तेरा हजार किलोमीटरांवरून येणाऱ्या मुलीचे पहिले सत्र सावरले जाणे हे लहान काम नव्हे. पण विद्यापीठाच्या रंगीत पुस्तिकेत जे मोठे आकडे छापलेले असतात, त्यांत उत्साही मुलांच्या स्वतःच्या उत्साहाचा वाटा किती, हे सहसा सांगितलेले नसते.

आता निवडीकडे वळतो. जीवशास्त्राच्या विद्यार्थिनीला पहिल्या सत्रात बहुधा रसायनशास्त्र, गणित आणि लेखनाचा एक विषय लागतो. जीवशास्त्राचा पहिला मुख्य विषय काही विद्यापीठांत पहिल्या सत्रात असतो, काहींत रसायनशास्त्र झाल्यावर. समजा यादीत ‘आजार आणि समाज’ अशा सूत्राचा एक फिग आहे आणि त्यात सेमिनारखेरीज सामान्य रसायनशास्त्र आणि समाजशास्त्राचा पायाभूत विषय आहे. रसायनशास्त्र तिला लागतेच, समाजशास्त्र सामाजिक शास्त्रांच्या सक्तीच्या क्रेडिटांत धरले जाते, आणि सेमिनारलाही बहुतेक वेळा कुठल्या ना कुठल्या सक्तीच्या खान्यात जागा असते. हा गट घ्यावा. शेजारीच ‘हवामान आणि भविष्य’ नावाचा दुसरा फिग आहे, त्यात भूगोल आणि अर्थशास्त्र आहे. नाव ऐकून कोणाही अठरा वर्षांच्या मुलीला तोच हवा असेल. पण तो घेतला तर रसायनशास्त्राला वेळापत्रकात जागा उरेल का, हे पाहावे लागेल. रसायनशास्त्र एक सत्र मागे गेले की सेंद्रिय रसायनशास्त्र मागे जाते, त्यामागे जीवरसायन, आणि चौथ्या वर्षी ती माझ्यासारख्याच्या खोलीत बसून उन्हाळी सत्राची फी किती, हे विचारत असते. विज्ञानातले विषय आगगाडीच्या डब्यांसारखे एकमेकांना जोडलेले असतात, हे कला शाखेच्या सल्लागारालाही कधीकधी लक्षात राहत नाही.

त्यातही एक बारकावा आहे. गट एकत्र आहे म्हणजे नेमका कुठे एकत्र आहे? तीनशेंच्या व्याख्यानाला वीस जण एकाच सभागृहात असणे यात विशेष काही नाही; शोधूनही एकमेकांना सापडणार नाहीत. त्या व्याख्यानाला जोडून आठवड्यातून एकदा वीसेक जणांचा डिस्कशन सेक्शन असतो, तिथे टीए (प्राध्यापकाचा अध्यापन सहायक) उदाहरणे सोडवून घेतो, आणि प्रयोगशाळेची बॅच असते. हे वीस जण त्या सेक्शनमध्ये आणि प्रयोगशाळेतही एकत्र असतील, तर फिग खरा. नुसत्या व्याख्यानात असतील, तर अर्धामुर्धा. ओरिएंटेशनच्या दिवशी सल्लागाराला तिने हा प्रश्न विचारला, तर समोरचा माणूस जरा सरसावून बसेल याची मी खात्री देतो. पालकांपैकी आणि विद्यार्थ्यांपैकी फारच थोडे जण हा प्रश्न विचारतात.

बारावीनंतर थेट जाणाऱ्यांसाठी गणिताची पातळी हा वेगळा अडसर असतो. विद्यापीठाची प्लेसमेंट (म्हणजे पातळी ठरवणारी) परीक्षा दिल्याशिवाय कोणत्या गणिताला बसता येईल हे ठरत नाही, आणि काही फिगमध्ये कॅल्क्युलस गृहीत धरलेले असते. आपल्या मुलीने आयबी किंवा ए-लेव्हल (आंतरराष्ट्रीय मंडळांचे बारावीच्या पातळीचे अभ्यासक्रम) केले असेल, तर उलट अडचण येऊ शकते. ज्या विषयाचे क्रेडिट तिला आधीच मिळणार आहे, तोच विषय फिगमध्ये पुन्हा बसवलेला असतो. म्हणून प्लेसमेंट परीक्षा ओरिएंटेशनच्या आधी द्यावी आणि आधीच्या गुणपत्रिका पोहोचल्या आहेत ना, याची खातरजमा करून घ्यावी. मोकळीक जाते का, असे आपण विचारलेत. पंधरा क्रेडिटांपैकी साधारण नऊ-दहा क्रेडिट या गटात बांधली जातात. उरलेल्या जागेत एक किंवा दोन विषय तिच्या मर्जीचे. पहिल्या सत्रात एवढे बंधन मला तरी जाचक वाटत नाही.

जाचक ठरू शकते ती दुसरीच गोष्ट, आणि ती परदेशी विद्यार्थ्यांना विशेष लागू आहे. फिगचे विषय ही जुडी असते. बहुतेक विद्यापीठांत त्यांतला एकच विषय सोडता येत नाही. सोडायचा तर सगळी जुडी सोडावी लागते, किंवा निदान सल्लागाराची परवानगी लागते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या पदवी विद्यार्थ्याला प्रत्येक नियमित सत्रात किमान १२ क्रेडिट घ्यावी लागतात. समजा तिने एकूण चौदा क्रेडिट घेतली आहेत आणि त्यांत चारचे रसायनशास्त्र आहे. ऑक्टोबरमध्ये रसायनशास्त्र जड गेले आणि तिने ते परस्पर काढून टाकले, तर दहाच उरतात. मग प्रश्न गुणांपुरता न राहता व्हिसाच्या दर्जाचा होतो. अमेरिकन वर्गमित्र सहज सांगेल, “अगं, ड्रॉप करून टाक,” कारण त्याला हा नियम लागू नाही. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या डीएसओची (विद्यार्थी व्हिसाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याची) आगाऊ परवानगी असल्याशिवाय कोणताही विषय सोडायचा नाही, हे तिने विमानात बसण्यापूर्वीच पक्के करून घ्यावे. आणि सुरुवातीलाच पंधरा क्रेडिट घेतली, तर तीन क्रेडिटांचा श्वास राहतो; चारचे रसायनशास्त्र सोडायला मात्र तोही पुरत नाही.

आता गटाच्या आत काय घडते ते. पहिले दोन आठवडे सगळे एकमेकांशी अति गोड वागतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पहिली परीक्षा जवळ आली की, गटाचा खरा उपयोग सुरू होतो. मी एकदा गुरुवारी संध्याकाळी ग्रंथालयाच्या तळमजल्यावर आमच्याच एका गटातल्या पाच मुली पाहिल्या. फळ्यावर मोलचे गणित मांडलेले होते. आयोवातल्या शेतावरून आलेली एक मुलगी दुसरीला मर्यादा घालणारा अभिक्रियाकारक (जो घटक आधी संपतो तो) समजावत होती, आणि त्यासाठी तिने सँडविचचा दाखला घेतला होता: पाव वीस, चीजच्या चकत्या सात, तर सँडविचे किती? ऐकणारी मुलगी हैदराबादची होती. तिने पावाच्या जागी पोळ्या केल्या आणि पुढचे गणित स्वतः मांडले. हे काम टीएच्या तासाला होत नाही, कारण तिथे आपल्याला कळले नाही असे वीस अनोळखी माणसांपुढे कबूल करावे लागते.

इथेच एक गंभीर इशारा द्यायला हवा, आणि तो मी प्रत्येक भारतीय कुटुंबाला देतो. आपल्याकडे सबमिशनच्या आदल्या रात्री एकाची फाइल घेऊन बाकीच्यांनी जर्नल उतरवून काढणे यात कोणाला फारसे गैर वाटत नाही. उलट जो फाइल देत नाही तो खडूस. अमेरिकेत याला अकॅडेमिक मिसकंडक्ट म्हणतात. उतरवणाऱ्याबरोबर उतरवू देणाऱ्यावरही कारवाई होते, आणि तिची नोंद विद्यार्थ्याच्या नावावर राहते. प्रत्येक विषयाच्या सिलॅबसमध्ये, म्हणजे प्राध्यापकाने दिलेल्या सत्राच्या आराखड्यात, एकत्र काम कुठपर्यंत चालेल हे लिहिलेले असते. रसायनशास्त्रात चर्चा करून उत्तर स्वतःच्या हाताने लिहिणे चालत असेल, तर लेखनाच्या वर्गात दुसऱ्याचा मसुदा वाचण्यासही ठरावीक रीत असेल. फिगमध्ये तेच वीस जण तीन विषयांना एकत्र असल्यामुळे, एका विषयाची सवलत दुसऱ्या विषयात नेण्याचा धोका तिथे सर्वांत जास्त असतो. माझ्यासमोर आलेल्या अशा प्रकरणांत लबाड विद्यार्थी थोडे होते. बहुतेक जण मैत्रीला जागणारे होते.

गटाची घसट गरजेपेक्षा जास्त वाढली तर तो शाळेतल्या वर्गासारखा वागू लागतो. या क्षेत्रातले लोक याला ‘हायपरबाँडिंग’ म्हणतात. आपण टोळी म्हणू. आमच्या समितीच्या तिसऱ्या वर्षी मला याचा प्रसाद मिळाला, आणि चूक आमचीच होती. एका गटाच्या तिन्ही प्राध्यापकांना आम्ही उन्हाळ्यात एकत्र बसवलेच नाही. परिणामी सेमिनारचा निबंध, मानसशास्त्राची परीक्षा आणि रसायनशास्त्राचा अहवाल असे तिन्ही एकाच गुरुवारी आले. बावीस विद्यार्थ्यांनी मिळून एक ईमेल लिहिले आणि त्याचा सूर मागणीपेक्षा मोर्चाचा होता. सेमिनारच्या प्राध्यापकांनी मुदत वाढवली खरी, पण त्या दिवसापासून वर्गात ‘ते’ आणि ‘आम्ही’ अशी भिंत उभी राहिली. डिसेंबरपर्यंत त्या सेमिनारमध्ये कोणी मनापासून बोलले नाही, आणि ज्या चार-पाच जणांना बोलायचे होते, ते इतरांच्या डोळ्यांना घाबरून गप्प बसले. तेव्हापासून मे महिन्यात तिन्ही सिलॅबस एका टेबलावर ठेवून तारखा जुळवल्याशिवाय मी कोणत्याही गटाला होकार दिला नाही. आपल्या मुलीच्या विद्यापीठात हे होते का, हे बाहेरून कळणे कठीण. पण सेमिनारच्या वर्णनात जोडलेल्या विषयांचा नुसता उल्लेख आहे, की त्यांच्यातले कोणते भाग सेमिनारमध्ये वापरले जाणार तेही सांगितले आहे, यावरून अंदाज येतो.

गटात भारतीय नसतील तर, ही आपली चिंता मी समजू शकतो. माझ्या आईने मला याहून वेगळे काही विचारले नव्हते. पण भारतीय मंडळी तिला शोधावी लागणार नाहीत. ऑगस्टमध्ये विमानतळावर उतरल्यापासून व्हॉट्सॲपचे दोन-तीन गट तिला आपोआप सामावून घेतील, गणपतीला कोणाच्या तरी अपार्टमेंटमध्ये आरती होईल, आणि प्रेशर कुकर कोणाकडे आहे हे तिला पहिल्याच आठवड्यात कळेल. त्या वर्तुळाची किंमत मी कमी लेखत नाही; आजारपणात तेच लोक खिचडी घेऊन येतात. फक्त त्यांतले बहुसंख्य कॉम्प्युटरवाले आणि एमएसचे असतात, आणि अठरा वर्षांच्या मुलीच्या जीवशास्त्राच्या वर्गात त्यांतले कोणी नसते. फिगमधून जे मिळते ते या वर्तुळातून मिळत नाही. दोन्ही असावीत. बोलण्याच्या बाबतीत मात्र तिची थोडी तयारी करून घ्या. सेमिनारमध्ये वीस जण गोल बसतात, सहभागाला गुण असतात, आणि प्राध्यापकाच्या म्हणण्याला हरकत घेणे हा आगाऊपणा समजला जात नाही. आपल्या मुली वाचून येतात, सगळे समजलेले असते, आणि विचारेपर्यंत थांबून राहतात. कोणी विचारत नाही. दर तासाला एक वाक्य, एवढा नेम पहिले चार आठवडे पाळला तरी पुढचे सोपे होते.

फीबद्दल आपण विचारले नाहीत, तरी सांगतो: बहुतेक ठिकाणी फिगसाठी वेगळी फी नसते, पण वसतिगृहाशी जोडलेला गट असेल तर खोलीचे दर पाहून घ्यावेत.

फिग एका सत्राचा असतो. डिसेंबरमध्ये तो संपतो आणि जानेवारीत ती पुन्हा त्या तुकडी नसलेल्या विद्यापीठात एकटी उभी असते. दुसऱ्या सत्राचे रजिस्ट्रेशन साधारण नोव्हेंबरमध्ये येते. मी माझ्या विद्यार्थ्यांना ऑक्टोबरच्या शेवटी सांगतो की गटातल्या ज्या दोन-तीन जणांबरोबर खरोखर अभ्यास होतो, त्यांच्याबरोबर बसून रसायनशास्त्राच्या पुढच्या भागाचा एकच डिस्कशन सेक्शन ठरवा आणि रजिस्ट्रेशनची वेळ उघडताच तोच क्रमांक टाका. सगळ्या वीस जणांनी एकत्र राहण्याची गरज नाही. तसा प्रयत्नही करू नये. तो कोल्हापूरचा मुलगा पुढे असाच सावरला. त्याला फिग मिळाला नव्हता, पण दुसऱ्या सत्रात प्रयोगशाळेतल्या दोघांना विचारून त्याने गणित आणि रसायनशास्त्र त्यांच्याच सेक्शनला घेतले. तीन जणांची तुकडी त्याने स्वतः पाडली.

राहता राहिला फोनचा प्रश्न. आपण विद्यापीठाच्या सल्लागाराला फोन केलात, तर तो नम्रपणे बोलेल आणि आपल्या मुलीविषयी काहीही सांगणार नाही. फर्पा नावाचा १९७४ चा कायदा आहे. त्यानुसार विद्यार्थी महाविद्यालयात दाखल झाला की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो, मग फी कोणीही भरत असो. म्हणून वरचे प्रश्न तिनेच विचारायचे आहेत: सेक्शन एकत्र आहे का, एक विषय सोडता येतो का, सेमिनार कोण घेते, आणि हे विषय माझ्या पदवीत कुठे धरले जातील. कागदावर लिहून शेजारी ठेवावेत, कारण ऑनलाइन भेट बहुधा अर्ध्या तासाचीच असते. मिडवेस्टच्या बहुतेक भागात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात नाशिकला संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. शक्यतो तीच वेळ मागून घ्यावी. आपण त्याच खोलीत, पण कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर बसलात तर कोणाचीच हरकत नसावी.